आंबील, गोटी सोडा आन् मायचा एक प्रश्न



परवा येळवस झाली. रान सध्या चांगलं आहे. तूर वाळायला लागलीय, हरभऱ्याला घाटे धरायलेत, सकाळी दव पडतंय. आज पिकाचं जास्त लिहीत नाही. घरात एक गोष्ट झाली, तिच्यावरून डोक्यात जे सुरू झालं ते लिहायलोय. जरा लांब आहे, निवांत वाचा.

येळवशीच्या आधी चार दिवस लेक-सून पुण्याहून आले. सोबत सात वर्षांचा नातू. त्याला जेवताना पाण्याऐवजी थंड्याची बाटली लागती. सुनेलाही ते पटत नाही. तिनं मोबाईलवर बघून ठेवलेलं की अद्रक, गूळ आन् पाणी एवढ्यावर घरीच सोडा करता येतो, मशीन लागत नाही, गॅस आपोआप धरतो. म्हणली, मामंजी, आपण करून बघू. मलाही असल्या गोष्टीची हौस. अद्रक परसातली, गूळ घरात. पाचव्या दिवशी बरणीत बुडबुडे दिसायला लागले. मग मोठं पाणी करून मी ते काचेच्या दोन बाटल्यांत भरलं, बूच घट्ट लावलं आन् चुलीजवळच्या फडताळात ठेवलं. ऊब लागावी म्हणून.

दुसऱ्या रात्री दोन वाजता फटाका वाजल्यासारखा आवाज झाला. एक बाटली फुटली होती. काचा पार देवघरापर्यंत. नशीब की लेकरू माडीवर झोपलेलं. चूक सगळी माझी होती, ती पुढं सांगतो.

आवाजानं माय उठली. ऐंशी ओलांडलीय तिनं. गळ्यात तुळशीची माळ. सांडलेल्या पाण्याचा वास घेतला आन् एकच विचारलं, "ह्याच्यात निशा असती का रं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी दहावी शिकलेला माणूस. पण मायच्या प्रश्नाला "काय की" म्हणून सोडून देणं बरं नाही वाटलं. आठ दिवस वाचलं, दोन जाणत्या माणसांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते हे.

पहिली गोष्ट म्हणजे, आंबवून प्यायचं आपल्याला नवीन नाही. आपल्या घरात ते कायमच होतं. त्याचं नाव आंबील.

आमचं राणीसावरगाव गंगाखेड तालुक्यात, पण लातूर जिल्हा इथून हाकेवर. म्हणून येळवशीचं वारं इकडंही आहे. मार्गशीर्षाची अमावस्या, पंचांगातली दर्शवेळा अमावस्या. लातूर-धाराशिवकडं या दिवशी गावं रिकामी पडतात, सगळं माणूस शेतात. पलीकडं बिदर-कलबुर्गीच्या कानडी मुलखातही हाच सण आहे, तिकडं 'एळ्ळ अमावस्या' म्हणतात. कानडीत एळ्ळू म्हणजे तीळ. आपलं येळवस त्यातूनच आलं असं जाणकार सांगतात. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, लक्ष्मी पुजायची. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आन् चुना-कावानं रंगवलेल्या बिंदगीत आंबील. पूजा झाली की ती आंबील पिकावर शिंपडत रानाला फेरा मारायचा. आधी काळी आई पिणार, मग आपण.

आंबील करायची रीत मायची अशी. ज्वारीचं पीठ ताकात कालवून रातभर ठेवायचं. सकाळी आधणात सोडून शिजवायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. गार झालं की वरून ताक, ठेचलेला लसूण, अद्रक, हिरवी मिरची, जिरं, मीठ, कोथिंबीर. मातीच्या बिंदगीत भरून तोंडाला फडकं बांधायचं. दुसऱ्या दिवशी ती खरी लागते. वरच्या अंगाला बारीक बुडबुडे दिसतात, जिभेला हलकी चुणचुण लागते. सोड्याइतका गॅस नसतो, पण जात तीच.

आन् ती फक्त सणाची नव्हती. माझ्या लहानपणी चैत्र-वैशाखात पाळी घालणाऱ्या माणसाला दुपारी आंबीलच जायची. देवीलाही तीच चालते. कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्राच भरते, तीही मार्गशीर्षातच. आमच्या गावचं दैवत रेणुकादेवी. जे पेय आईच्या नैवेद्याला चालतं ते माळकऱ्याला चालणारच. म्हणून मायनं आयुष्यभर आंबील केली आन् "निशा" हा शब्द कधी तिच्या मनात आला नाही.

मग अद्रकीच्या पाण्यावरच का आला? त्याचं कारण वासात आहे. आंबलीचा वास ताकाचा. ह्या पाण्याचा वास वेगळा होता, आन् तो वास मायनं लहानपणी ओळखलेला होता. शिंदीचा.

इथं आपल्या भागाचा इतिहास येतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या राज्यात आबकारी हे सरकारच्या उत्पन्नाचं मोठं साधन होतं. शिंदीचं झाड तुमच्या बांधावर असलं तरी त्याचा रस सरकारी हिशोबातला. झाडावर कर, विकायचा मक्ता, मक्तेदाराची माणसं. शिंदीचा रस पहाटे काढला की गोड असतो, तीच निरा. ऊन चढलं की आपोआप आंबतो, दुपारनंतर चढतो. त्यात कुणी काही घालत नाही. हवेतलं, मडक्यातलं किण्व काम करतं.

१९४७ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा उभा राहिला, तेव्हा शिंदीची झाडं तोडणं हा त्या सत्याग्रहाचाच एक भाग होता. करोडगिरीचे नाके, लेव्हीला विरोध आन् शिंदी तोड. आमचा आज्या सांगायचा की रात्री कुऱ्हाडी घेऊन माणसं ओढ्याकाठी जायची. झाडावर राग नव्हता. झाड पाडलं की निजामाचा पैसा पडतो, हा हिशोब होता. दारू सुटावी हाही एक हेतू होताच. ज्या पिढीनं हे बघितलं तिच्या मनात एक रेघ पक्की बसली. ताकात आंबतं ते अन्न, गोडात आंबतं ते निशा. माय त्याच पिढीची लेक आहे. तिचा प्रश्न अडाणी नव्हता, इतिहासातून आलेला होता.

आता ही रेघ खरी आहे का? थोडी खरी आहे, थोडी नाही.

१८५७ साली, इकडं उत्तरेत बंड पेटलेलं होतं तेव्हा, फ्रान्समध्ये लुई पाश्चर या शास्त्रज्ञानं दाखवलं की दूध आंबतं ते जिवंत सूक्ष्म जंतूंमुळं. दुधाची साखर खाऊन ते आंबट आम्ल तयार करतात. ताक, दही, आंबील ही मुख्यतः त्यांची करामत. गुळाच्या पाण्यात मात्र दुसरा जीव पुढं होतो, त्याला यीस्ट म्हणतात, आपण किण्व म्हणू. अद्रकीच्या सालीवर तो आधीपासून बसलेला असतो. तो साखर खातो आन् तिचे दोन भाग करतो. वजनानं जवळजवळ निम्मा गॅस, निम्मा अल्कोहोल. म्हणजे बाटलीत जेवढा गॅस घरच्या घरी धरला, तेवढाच अल्कोहोलही तिथं तयार झाला. चांगला फसफसणारा एक लिटर सोडा घेतला तर त्यात साधारण सहा ग्रॅम गॅस असतो. त्याच्या जोडीला सहा ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल. शंभर भागाला अर्धा ते एक भाग. त्यातला काही भाग आंबट करणारे जंतू खाऊनही टाकतात.

एवढ्यानं माणूस झिंगत नाही. पण "काहीच नसतं" म्हणणंही खोटं आहे. बाटली आठ-पंधरा दिवस उबेला ठेवली तर ते वाढत जातं.

हा प्रश्न फक्त माझ्या मायला पडला असं नाही. अमेरिकेत चार्ल्स हायर्स म्हणून एक औषधविक्या होता. मुळ्या-सालींपासून केलेलं 'रूट बिअर' नावाचं पेय त्यानं १८७६ साली फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात लोकांना पाजलं. तो घरोघर पुड्या विकायचा, बायका त्यात साखर, पाणी, यीस्ट घालून घरीच आंबवायच्या. दारू सुटावी म्हणूनच त्यानं हे चालवलेलं. पण १८९५ मध्ये तिथल्या दारूबंदीवाल्या बायकांच्या संघटनेनं त्याच्यावर बहिष्कार टाकला, म्हणल्या हे आंबतं, म्हणजे यात दारू आहे. तीन वर्षांनी, १८९८ मध्ये, तपासणी झाली. एका बाटलीत अर्ध्या पावात असते तेवढीच अल्कोहोल निघाली. बहिष्कार उठला. बघा, सातासमुद्रापलीकडं हाच प्रश्न, हीच माळकरी काळजी.

आपल्याकडं वैद्यांनी ह्याचा विचार फार आधी करून ठेवलेला. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात चौऱ्याऐंशी आसवं सांगितलेली आहेत. धान्याची, फळाची, मुळाची, फुलाची, सालीची, उसाची. आजही दशमूलारिष्ट, कुमारी आसव दुकानात मिळतं. काढा, गूळ आन् धायटीची फुलं एकत्र घालून ते बंद भांड्यात ठेवतात. धायटीच्या फुलावर किण्व असतं, तेच काम करतं. सुनेच्या बरणीत अद्रकीची साल जे करत होती तेच. फरक एवढाच की वैद्य ते चमच्यानं मोजून, पाणी घालून देतो. तहानेला ताक-आंबील, दुखण्याला आसव. दोन्ही आंबलेलं, पण मोजमाप वेगळं.

मग हा बाटलीतला सोडा कुठून आला? त्याची गोष्ट ऐकून मला हसू आलं. इंग्लंडात लीड्स गावी जोसेफ प्रिस्टली नावाचा एक धर्मोपदेशक राहायचा. त्याच्या घराशेजारी बिअरची भट्टी होती. १७६७ च्या सुमारास त्यानं आंबणाऱ्या पिंपावर पाण्याचं भांडं टांगून बघितलं. पिंपातून निघणारा गॅस पाण्यात उतरला आन् पाणी चुणचुणीत झालं. जगातला हा सोडा आंबणाऱ्या मडक्याच्या वाफेवरच जन्मला! १७७२ मध्ये त्यानं पुस्तिका छापली, त्यात खडू आन् आम्ल मिसळून गॅस काढायची रीत दिली. तिथून आंबवायची गरज संपली. पुढं श्वेपे नावाच्या माणसानं जिनिव्हात १७८३ मध्ये त्याचा धंदा सुरू केला आन् नंतर लंडनला नेला.

१८७२ साली हायरम कॉड या इंग्रजानं गोटीची बाटली काढली. उलटी धरून भरायची, आतला गॅसच गोटीला वर रबराच्या कड्यावर दाबून धरतो. आपली गोटी सोड्याची बाटली ती हीच. मुंबईत पालनजी १८६५ पासून, पुण्याच्या कॅम्पात आर्देशीर १८८४ पासून, मुंबईत ड्यूक्स १८८९ पासून. ह्या धंद्यात पारशी मंडळी पुढं होती. रेल्वे आली तशी सोड्याची बाटली छोट्या गावांपर्यंत पोचली. माझ्या लहानपणी जत्रेत गोटी सोड्याचा गाडा असायचा. अंगठ्यानं गोटी दाबली की 'फट्' आवाज, आन् आम्ही पोरं नुसता तो आवाज ऐकायला उभी राहायचो. दहा पोरांत एक बाटली. ती चैन होती, रोजचं पिणं नव्हतं. रोजचं पिणं आंबीलच होतं.

ते कधी मोडलं? मला वाटतं एका दिवसात नाही, तीन घावांत मोडलं.

पहिला घाव ज्वारीवर. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. पोटाला धान्य मिळालं, ते नाकारून चालणार नाही. पण माय म्हणते हायब्रीडच्या पिठाची आंबील नीट बसत नाही, पाणी वर आन् पीठ खाली. मग १९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा पाळण्यातला. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी रेशनवर आली. जनावरं गेली, ताक गेलं. ताक नाही तिथं आंबील कशाची? त्याच वर्षी परभणीला कृषी विद्यापीठ झालं आन् पुढं तिथून परभणी मोती, अलीकडं परभणी शक्ती असे ज्वारीचे चांगले वाण निघाले. वाण होते, पण पेरणारे कमी झाले.

दुसरा घाव बाटलीचा. १९७७ मध्ये कोका-कोला देशातून गेली, त्या जागी थम्स अप, कॅम्पा कोला आल्या. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली. पुढं प्लास्टिकची बाटली आली आन् थंडं पार वाडी-तांड्यावर पोचलं. पाहुणा आला की आंबील द्यायची लाज वाटायला लागली.

तिसरा घाव माझा स्वतःचा. दुसऱ्याच्या नावानं कशाला बोलू? मी ज्वारी बंद केली त्याला आता बारा वर्षं झाली. सोयाबीन आन् त्यामागं हरभरा. ज्वारीला काढणीला माणूस मिळत नाही, पाखरं राखायला माणूस नाही, कणीस मोडायला नाही. हिशोब करून बंद केली आन् हिशोब चुकीचाही नव्हता. पण यंदा येळवशीच्या आंबलीला ज्वारी दुकानातून दोन किलो आणली. माय काही बोलली नाही. पिठाला हात लावला, बोटात चोळून बघितलं, आन् गप भिजत घातलं. स्वतःच्या रानात जी आंबील शिंपडायची ती विकतच्या ज्वारीची. बाटली फुटल्याचं मला जेवढं वाटलं नाही तेवढं याचं वाटलं.

आता कुणाला घरी अद्रकीचा सोडा करायचाच असेल तर माझ्या चुकीवरून शिका. काचेच्या बरणीत दोन पेले उकळून गार केलेलं पाणी, दोन चमचे सालीसकट किसलेली अद्रक, दोन चमचे गूळ. वर फडकं बांधायचं, झाकण नाही. रोज चमचाभर अद्रक, चमचाभर गूळ. चार-सहा दिवसांत फेस येतो, हे विरजण झालं. बुरशी दिसली किंवा घाण वास आला तर सरळ उकिरड्यावर. मग दोन लिटर पाण्यात दीडशे ग्रॅम गूळ, अद्रक, गवती चहा, चार तुळशीची पानं उकळून पूर्ण गार करायचं. लिंबू पिळायचं, अर्धा पेला विरजण गाळून घालायचं. भरायचं ते प्लास्टिकच्या थंड्याच्याच बाटलीत, चार बोटं जागा ठेवून. काचेत नाही. काच सांगत नाही, फुटते. प्लास्टिकची बाटली दाबून बघता येते. दगडासारखी टणक झाली की लगेच फ्रीजमध्ये. थंडीत दोन दिवस लागतात, उन्हाळ्यात एकच किंवा त्याहूनही कमी. फ्रीजमध्ये काम मंदावतं, थांबत नाही. म्हणून तीन-चार दिवसांत संपवायचं, उघडताना झाकण हळूहळू सैल करायचं. लहान लेकराला द्यायचा तर ताजा आन् थोडा. गर्भार बाईनं आन् ज्यांनी दारू सोडलीय त्यांनी ह्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

हे सगळं मी मायला तिच्या भाषेत सांगितलं. निम्मा गॅस, निम्मी निशा, पण थेंबाथेंबानं. अमेरिकेतल्या बायकांचंही सांगितलं. ती नीट ऐकत बसली. मग म्हणली, "तुमचं तुम्ही प्या बाबा. माझ्या माळेला ते नको. पर त्या लेकराला थंड्यापरीस बरं असंल तर द्या." आन् नातवाला बोलावून बिंदगीतली आंबील वाटीत ओतली. त्यानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. लसूण लागला. मायनं त्याच्यापुरती बिनलसणाची केली, चिमूटभर साखर टाकली. तेव्हा अर्धी वाटी प्याला. आवडली असं म्हणणार नाही. अर्धी प्याला एवढंच खरं.

थंडं सुटलं का? नाही. परत जाताना गाडीत एक बाटली होतीच. पण सून बिंदगी मागून घेऊन गेली. आन् मायकडून आंबलीची रीत मोबाईलमध्ये बोलवून घेतली तिनं, आवाजासकट. मला हे आधी कधी सुचलं नव्हतं.

यंदा पेरणीची वेळ गेलीय. पुढच्या हस्ताच्या ओलीवर अर्धा एकर ज्वारी टाकायची ठरवलंय, विहिरीजवळच्या पट्टीत. पाखरं खातील ती खातील. कडबा जनावराला होईल, कोपीला होईल. पुढच्या येळवशीला बिंदगीत घरचं पीठ असावं आन् ते भिजवायला माय असावी, एवढं रेणुकाईला मागणं.

तुमच्याकडं आंबील कशी करतात, काय काय घालतात, अजून करतात का, ते सांगा. म्हाताऱ्या माणसांना विचारून सांगा. विचारायला माणूस आहे तोवर विचारून घ्या.

राम राम.